नऊ मिनिटं आधीची घंटा

आमच्या घरात एक नियम होता आणि तो मी केला होता, हे आधीच सांगून टाकते. जेवताना ताटावर ना जहाज, ना नकाशा. म्हणजे यांनी जहाजावरचं काही बोलायचं नाही आणि मी ऑफिसातलं काही काढायचं नाही. माझा स्वभाव तापट आहे. हेही माझं मीच सांगते, दुसऱ्या कुणाला तसदी नको.

हे प्रवासी जहाजाच्या बारमध्ये लागले, त्या पहिल्या वर्षातला हा नियम. जहाज सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी पाचला सुटायचं आणि दोन रात्री समुद्रात काढून सकाळी परत यायचं. बारचा हिशेब आणि मालाची मोजदाद उरकून हे संध्याकाळी घरी आले की रात्री जेवताना सुरू. कोण कपड्यांसकट पोहण्याच्या तलावात पडला, कुणी कुणाच्या बायकोला गाणं म्हणून दाखवलं, कोण रडत रडत तीन तास आपल्या साहेबाला शिव्या देत होता. स्वतः थेंबाला न शिवणारा माणूस, आणि घरी येऊन ऐकवायच्या त्या पिणाऱ्यांच्या गोष्टी. मी बंदराच्या मोजणी ऑफिसात नकाशे काढते. आमचे अधिकारी बोटीने जाऊन समुद्राची खोली मोजून आणतात आणि त्यांचे आकडे, खडक, दिवे, सगळं मी शाईने कागदावर उतरवते. दिवसभर मान खाली घालून तांदळाच्या दाण्याएवढी अक्षरं काढली की संध्याकाळी कुणाचं काही ऐकायची ताकद उरत नाही. माझंही तेच होतं म्हणा. साहेब म्हणाले रेघ जाड झाली, साहेब म्हणाले रेघ बारीक झाली, हे मी सांगायला लागले की यांना जांभई यायची. एक दिवस मी पळी खाली ठेवली आणि नियम जाहीर केला.

यांनी लगेच मान्य केला. नाकासमोर चालणारा माणूस, नियम म्हटला की यांना बरंच वाटतं. तरी चार-दोनदा चुकून जीभ घसरायची. एकदा तर दारात बुटाची नाडी सोडता सोडताच, "अगं, आज एक गंमतच झाली," म्हणून सुरुवात केली होती. मी नुसतं बोट वर केलं. हे हसले, हात धुऊन जेवायला बसले आणि गंमत राहून गेली.

त्यामुळे यांच्या कामाबद्दल मला जे माहीत होतं, ते नियमाच्या आधीचं. ते असं. जहाज बंदरात उभं असेपर्यंत आणि पुढे समुद्रात एका हद्दीपर्यंत, बारमध्ये विकलेल्या प्रत्येक पेल्यावर सरकारचा विक्रीकर लागतो. हद्द ओलांडली की लागत नाही. पेला तोच, बाटली तीच, ओतणारा हात तोच. फक्त खालचं पाणी बदलतं आणि बिल उतरतं. बिलाच्या यंत्रावर दोन बटणं असायची, एक बंदराचं, एक समुद्राचं. बारमध्ये अशी तीन यंत्रं होती आणि तिन्हीवरच्या माणसांनी एकाच क्षणी बटण बदलावं म्हणून यांनी काउंटरवर एक पितळी घंटा लावून घेतली. घंटा वाजली की समुद्र सुरू.

हळूहळू प्रवाशांनाही ते कळलं. एवढाली तिकिटं काढून आलेली माणसं चार पैसे वाचवायला रिकामा पेला पुढ्यात घेऊन घंटेची वाट बघत बसायची. घंटा झाली की टाळ्या आणि मग काउंटरवर झुंबड. यांना सगळे घंटीकाका म्हणायला लागले. नेहमीचे प्रवासी रस्त्यात भेटले तरी तशीच हाक मारायचे आणि हे मान ताठ करून उभे राहायचे. घरातली तिन्ही घड्याळं हे रेडिओच्या टोल्यावर लावतात. शेजाऱ्यांना वेळ विचारायची असली की ते घड्याळाकडे न बघता आमच्याकडे येतात. वेळेच्या बाबतीत या माणसाने आयुष्यात कुणाकडून बोलणी खाल्ली नाहीत.

हद्द आली हे यांना कळतं कसं, हे मात्र मी कधी विचारलं नाही. जहाज चालवतात त्या वरच्या ब्रिजवरून कुणी फोन करत असेल, असं मी धरून चालले होते.

यांच्या निवृत्तीला तीन आठवडे उरले होते तेव्हा मोज्यांच्या कप्प्यात मला पाकीट सापडलं. मी यांची बॅग भरत होते. पाकीट कंपनीचं, आत विक्रीकर खात्याच्या नोटिशीची प्रत, आणि वरची तारीख चार दिवसांपूर्वीची.

"अहो, हे काय आहे?"

"ऑफिसचं आहे," हे म्हणाले.

"चार दिवस झाले याला."

"तूच म्हणतेस ना, घरात आणायचं नाही म्हणून."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, नियम जेवणाच्या ताटापुरता होता, मोज्यांच्या कप्प्यापर्यंत नव्हता. मग खाली बसून वाचलं, आणि राग कुठच्या कुठे गेला.

झालं होतं ते एवढंच. कंपनीने बारमध्ये नवीन यंत्रं बसवायला घेतली होती. ती उपग्रहावरून जहाजाची जागा बघतात आणि हद्द आली की आपली आपण कर थांबवतात. दोन महिने जुनी आणि नवी यंत्रं शेजारी शेजारी चालवून बघितली, तर यांची घंटा दर फेरीला नऊ मिनिटं आधी वाजत होती. कर खात्याने मग जुन्या बिलांच्या गुंडाळ्या मागवल्या आणि ब्रिजवरच्या नोंदवहीशी ताडून पाहिल्या. अठरा वर्षं घंटा मिनिटाला मिनिट बरोबर. आणि सहा वर्षांपूर्वीच्या एका महिन्यापासून, एकही फेरी न सोडता, नऊ मिनिटं आधी. त्याच वर्षी कंपनीने बारवाल्यांना विक्रीवर कमिशन सुरू केलं होतं. खात्याने दोन आणि दोन चार केले. लवकर घंटा, लवकर झुंबड, जास्त कमिशन. कंपनीने लगोलग हात झटकले, की आम्हाला काही माहीत नाही, हे त्या माणसाचं वैयक्तिक कृत्य आहे. चौकशी होईपर्यंत यांचे निवृत्तीचे पैसे थांबवले होते, आणि दोष सिद्ध झाला तर निवृत्ती नाही, बडतर्फी.

पैशांचा घोर मला लागला. यांना पैशांचं काही नव्हतं. हे रात्रंदिवस एकच वाक्य म्हणत होते, की घंटा चुकलेली नाही. चोवीस वर्षं काम करून चोर म्हणून उतरायचं, हे यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. हिशेब कुठे चुकला असं मी विचारलं, तर हिशेबाचा प्रश्नच नाही म्हणाले. पुढे काही सांगेनात. सांगायची सवयच गेली होती.

निवृत्त होणाऱ्या माणसाला शेवटच्या फेरीत घरच्या एकाला फुकट नेता येतं. कंपनीने चौकशी लावली तरी तो पास मात्र पाठवला. अशा बाबतीत कंपन्या फार नियमाने वागतात. जाऊ नये असं यांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, जायचं. तोंड लपवायला आपण काय केलंय?

त्याच फेरीत कर खात्याच्या अधिकारी मॅडम येणार होत्या. चाळिशीच्या, किडकिडीत, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, हातात स्वतःची पाण्याची बाटली. मला वाटलं होतं कुणीतरी गुरगुरणारं येईल, म्हणजे मलाही गुरगुरता येईल. पण बाई साध्या निघाल्या. समुद्र लागू नये म्हणून आधीच गोळी घेऊन बसल्या होत्या आणि तरीही पांढऱ्या पडल्या होत्या. त्यांनी काउंटरवर लिंबू-सोडा मागवला, पैसे स्वतःचे दिले, आणि बिल उलटसुलट करून त्यावरची कराची ओळ वाचली. मग यांना म्हणाल्या, "काका, तुम्ही नेहमी करता तसंच करा. मी फक्त बघणार."

बार जहाजाच्या उजव्या अंगाला होता. लांबट खोली, एका बाजूला काउंटर, समोर ओळीने सहा चौकोनी खिडक्या. पायाखालचा गालिचा काउंटरपाशी झिजून दोरे निघाले होते आणि सगळीकडे लिंबाच्या सालीचा आणि ओल्या फडक्याचा वास होता. हे पांढऱ्या सदऱ्यात आणि काळ्या बंडीत उभे होते. ती बंडी मी आठवड्यातून दोनदा इस्त्री करते, पण ती घालून यांना काम करताना मी कधी पाहिलं नव्हतं. हात बघितला तर बघत राहावं. पेला उचलायचा, फडकं फिरवायचं, बर्फ टाकायचा, आणि मधल्या मधे गिऱ्हाइकाच्या प्रवासाची चौकशी करायची. घरात या माणसाला साखरेचा डबा सापडत नाही.

मॅडमनी विचारलं, हद्द आली हे तुम्ही कशावरून ठरवता? आणि हे सांगायला लागले. नियम केल्यापासून पहिल्यांदा मी माझ्या नवऱ्याचं काम त्याच्या तोंडून ऐकत होते, आणि तेही सरकारी चौकशीत.

सुरुवातीला खरंच ब्रिजवरून फोन यायचा. पण जहाज बाहेर काढताना वरची माणसं कामात असतात, फोन कधी यायचा, कधी विसरायचा. तेव्हाच्या जुन्या कप्तानाने एक दिवस स्वतः खाली येऊन यांना खिडकीतून लाल बोया दाखवला. बोया म्हणजे समुद्राच्या तळाला साखळीने बांधलेलं मोठं तरंगतं लोखंडी पिंप, जहाजांना वाट दाखवायला ठेवतात ते. कप्तान म्हणाला, हा बोया आडवा आला की हद्द संपली, माझ्या फोनची वाट बघू नकोस. यांनी मग हात धुवायच्या बेसिनपाशी उभं राहून, बाजूच्या फळीला खांदा टेकवून नेम धरला आणि समोरच्या तिसऱ्या खिडकीच्या चौकटीवर चाकूने एक रेघ मारली. बोया त्या रेघेवर आला की घंटा. उभं राहायची जागा तीच, खांदा त्याच फळीला. "इकडे तिकडे एक पाऊलही नाही, मॅडम," हे म्हणाले. "चोवीस वर्षांत नाही."

मॅडमनी ते सगळं लिहून घेतलं. त्यांच्यासमोर काउंटरवर एक छोटं यंत्र होतं, त्यावर जहाजाची जागा आणि हद्दीपर्यंतचं अंतर दिसत होतं. सहा वाजून गेले. बाहेर अजून चांगलं ऊन होतं. लोक जमायला लागले, रिकामे पेले मांडून बसले. हे बेसिनपाशी गेले आणि फळीला खांदा टेकवून उभे राहिले. सहा वाजून अकरा मिनिटांनी यांनी घंटा वाजवली. टाळ्या झाल्या. मॅडमनी यंत्र यांच्याकडे वळवलं. हद्द अजून दीड मैल पुढे होती.

"नऊ मिनिटं," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आनंद वगैरे काही नव्हता.

यांचा चेहरा उतरला नाही, गोंधळला. हे परत फळीपाशी गेले, खांदा टेकवला, बाहेर बघितलं, परत यंत्राकडे बघितलं. बोया रेघेवर आहे, म्हणाले. बघा, तुम्हीच इथे उभ्या राहा आणि बघा. मॅडम उभ्या राहिल्या. बोया रेघेच्या जरा मागे सरकला होता, पण होता. बारचा मॅनेजर, ज्याला कंपनीने चौकशीत लक्ष ठेवायला बसवलं होतं, तो म्हणाला की घंटीकाका, आता तरी मान्य करा. काउंटरवर मागण्यांचा गलका चालला होता आणि हे रिकाम्या हातांनी मधोमध उभे होते. मला ते बघवेना. निदान खिडकीकडे तरी बघावं म्हणून मी वळले.

बोया आमच्या बाजूने मागे जात होता. लाल, वर लोखंडी पिंजरा, आणि पोटावर पांढऱ्या रंगात मोठा चार.

मी तो आयुष्यात पहिल्यांदा बघत होते, पण ओळखत होते. चार नंबर. माझ्या नकाशावर तो तांदळाच्या दाण्याएवढा असतो. वर्षानुवर्षं तो बंदराच्या हद्दीच्या तुटक रेषेला चिकटून होता. मग बंदराच्या तोंडाशी वाळूचा पट्टा सरकला, नवा उथळ भाग तयार झाला आणि तो दाखवायला बोया दीड मैल आत आणून बांधला. हद्दीची रेषा जिथल्या तिथे राहिली, कारण ती कायद्यात लिहिलेली आहे आणि वाळू सरकली म्हणून कायदा सरकत नाही. जुन्या जागेवरची शाई ब्लेडने खरवडून नव्या जागेवर चार काढला होता तो मी. सहा वर्षांपूर्वी. नोटिशीत जो महिना लिहिला होता, त्याच महिन्यात. तो महिना मी घरी दहा वेळा वाचला होता आणि माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता, कारण घंटेचा आणि बोयाचा काही संबंध असतो हेच मला माहीत नव्हतं.

मी लगेच बोलले असं नाही. बोलले तर हे चोर ठरणार नाहीत, पण सहा वर्षं चुकीची घंटा वाजवणारा माणूस ठरतील, आणि तेही शंभर लोकांसमोर, बायकोच्या तोंडून. घरात घड्याळ अर्धं मिनिट मागे पडलं तर या माणसाला घास जात नाही. एकीकडे घेऊन हळूच सांगावं असं क्षणभर वाटलं. पण मॅनेजर हसत होता, आणि ते हसणं मला सहन झालं नाही.

"मॅडम," मी म्हणाले, "तो बोया हललेला आहे."

"अहो बाई, पाण्यात बोया हलणारच," मॅनेजर म्हणाला.

"पाण्यात नाही. नकाशावर. सहा वर्षांपूर्वी दीड मैल आत आणलाय. मीच हलवलाय तो, कागदावर. मी बंदराच्या मोजणी ऑफिसात आहे."

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला. सगळ्या जहाजांना याची सूचना गेली असेल ना, असं त्यांनी विचारलं. गेली होती. ती कप्तानांना जाते, ब्रिजवर भिंतीला चिकटवतात. खाली बारमध्ये कुणी त्या पिंपाकडे बघून कर थांबवतो, हे ब्रिजवर कुणाच्या लक्षात राहिलं असणार? जुना कप्तान केव्हाच गेला होता.

हे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं विचारतील, की मग तू मला सांगितलं का नाहीस. तसं काही विचारलं नाही.

"दीड मैल म्हणजे नऊ मिनिटं," हे म्हणाले.

"हो."

"म्हणजे सहा वर्षं मी चुकत होतो."

काहीतरी मऊ बोलावं असं मनात आलं. तुमचा काय दोष, वगैरे. पण या माणसाला मिनिटाचा हिशेब लागतो, मऊ बोलणं नाही.

"हो," मी म्हणाले.

यांनी मान हलवली. फडकं घेऊन हात पुसले, मॅडमच्या यंत्रासमोर जाऊन उभे राहिले आणि तिन्ही बिलवाल्यांना सांगितलं, की परत बंदराचं बटण लावा. ज्यांची बिलं मधल्या वेळात फाटली होती, त्यांच्याकडे स्वतः जाऊन कर लावून घेतला, माफी मागून. लोक कुरकुरले, दोघं-तिघं हसले, एकाने विचारलं की काका, आज दोन घंटा का? यंत्रावरचं अंतर शून्य झालं तेव्हा यांनी घंटा दुसऱ्यांदा वाजवली. या वेळी टाळ्या झाल्या नाहीत. सहा वाजून वीस मिनिटं झाली होती, हे मी घड्याळात बघितलं. मग हे कामाला लागले आणि बार बंद होईपर्यंत पेले भरत राहिले.

पुढचं सगळं कागदांचं काम होतं आणि ते मी केलं. ऑफिसात साहेबांना अर्ज दिला, जुना मूळ नकाशा आणि सूचनेची प्रत मागितली. साहेब आधी म्हणाले, घरगुती कामासाठी सरकारी नकाशा कसा देणार? मी म्हटलं, हे घरगुती नाही, ही विक्रीकर खात्याची चौकशी आहे, आणि नकाशा दिला नाहीत तर मॅडम स्वतः मागायला येतील. दुसऱ्या दिवशी शिक्का मारून प्रत मिळाली. मूळ नकाशा काढला तर चार नंबरच्या जुन्या जागेवर खरवडल्याची खूण स्पष्ट होती, आणि समासात एक तपकिरी ठिपका. ब्लेड निसटून माझ्या अंगठ्याला लागलं होतं, त्याचा. त्यावरून तेव्हा साहेबांनी मला झापलं होतं, तेही आठवलं.

मॅडमनी आठवड्याच्या आत अहवाल दिला. पद्धतीतली चूक, हेतू नाही, असं त्यात लिहिलं होतं. राहिलेला कर कंपनीने भरायचा होता. यांची चौकशी बंद झाली, थांबवलेले पैसे सुटले आणि महिनाअखेरीस हे रीतसर निवृत्त झाले. निरोप समारंभ कंपनीने केला नाही, त्यांना करही भरावा लागला होता. घंटा काढून टाकली. नवीन यंत्रांना तिची गरज नव्हती.

त्यानंतरचे काही दिवस हे घरात गप्प होते. रागाने नाही. घड्याळं लावायचे, बाजारातून भाजी आणायचे, विचारलं तर उत्तर द्यायचे. मला वाटलं होतं की नाव वाचलं म्हणजे झालं. पण नाव वाचलं होतं आणि माणूस कुठेतरी अडकून पडला होता. मला त्याचं फार वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की मी भांडी आपटते. शेवटी एका रात्री जेवताना मी सरळ विचारलं, "माझ्यावर रागावलात का?"

"नाही गं."

"मग काय झालंय?"

यांनी घास तसाच हातात धरला. "तुझ्या डाव्या अंगठ्याला पट्टी होती," हे म्हणाले.

"कधी?"

"जहाज डॉकयार्डातून दुरुस्त होऊन आलं, त्याच्या पहिल्या फेरीहून मी घरी आलो तेव्हा. मी विचारलं, काय झालं अंगठ्याला? तू म्हणालीस, काही नाही, ऑफिसचं आहे."

मला आठवलं. चार नंबर खरवडला त्याच आठवड्यातली गोष्ट. पट्टी तीन-चार दिवस होती आणि भांडी यांनी घासली होती.

"आणि मी तुला एक गंमत सांगणार होतो," हे म्हणाले. "बूट काढता काढता."

कसली गंमत, असं मी विचारलं, पण विचारायच्या आधीच मला कळलं होतं.

"हीच. की आज घंटा नऊ मिनिटं लवकर वाजली. जहाजाला पाण्याखालचा, ढकलणारा पंखा नवा बसवला होता, सगळे म्हणाले जोरात धावतंय. मला पण तेच खरं वाटलं. मी म्हटलं, तुला सांगावं. तुझं बंदराचं ऑफिस, तुला मजा वाटेल."

आमचं जेवायचं टेबल दोन हात रुंद आहे. त्या रात्री यांची घंटा टेबलाच्या त्या बाजूला होती आणि माझा बोया या बाजूला. मध्ये भाजीचं भांडं होतं, आणि माझं वर केलेलं बोट. हे दोन वाक्यं बोलले असते तर मी तिसरं वाक्य बोलले असते आणि घंटा सहा वर्षं चुकली नसती. हे हसून हात धुवायला गेले होते. मी मनात म्हटलंही होतं, की बरं झालं, नियम पाळतात.

मी ताट बाजूला सरकवलं.

"सांगा," मी म्हणाले.

"काय सांगू?"

"ती गंमत. तेव्हा सांगणार होतात ती."

"आता काय सांगायचं त्यात? कळलंच की सगळं."

"तरी सांगा. पहिल्यापासून."

यांनी माझ्याकडे बघितलं, मी खरंच म्हणतेय का याचा अंदाज घेतला, घोटभर पाणी प्यायलं. मग जरा पुढे वाकून म्हणाले, "अगं, आज एक गंमतच झाली." मग डॉकयार्डातून जहाज कसं चकचकीत होऊन आलं ते आलं, खिडकीच्या चौकटीला रंग दिला म्हणून यांची रेघ बुजली होती आणि ती परत कशी कोरावी लागली ते आलं, घंटा लवकर झाली म्हणून एका म्हाताऱ्या प्रवाशाने यांना मिठी कशी मारली तेही आलं. मला रडू येत होतं, पण हे रंगात आले होते म्हणून आवरलं. भाजी गार झाली. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत होते.